जावक क्रमांक

उद्या वाचनालयाची माणसं टेम्पो घेऊन येतील.
चौदा वर्षांच्या खासदारकीच्या फायली, तीन कपाटं,
आणि एक टाइपरायटर, ज्याचा 'ळ' कधी नीट उमटलाच नाही.
दिल्लीला जायचे ते
पुसट 'ळ'चे केळुसकर.

वेंगुर्ल्यात, काजूच्या दुकानावरची खोली.
खाली बिया भाजायचे, वर मी कागद चढवायची,
मध्ये कार्बन.
अजून फाईल उघडली की धूर घशाला लागतो.

संसदेची छापील पुस्तकं सांगतात:
हजेरी शेकडा एक्क्याऐंशी.
प्रश्न दोनशे सात, त्यातले तारांकित एकोणतीस.
खासगी विधेयक एक; लोकसभा विसर्जित झाली, तेही बुडालं.
आडबंदरच्या जेटीबद्दल अकरा वेळा विचारलं,
अकरा वेळा उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे.
बाराव्याला आलं,
असा कोणताही प्रस्ताव प्राप्त झालेला नाही.
कागद उलटा करून मागं बघितलं त्यांनी,
"मगे ती अकरा खंय गेली गे, कुमुद?"

त्याच पुस्तकांत एक ओळ आहे:
ऑगस्ट, पाच दिवस, अनुपस्थित.
खाडीच्या तोंडाशी 'दर्यादौलत' उलटली होती.
सात जण. सहा मिळाले.
सातव्यासाठी ते पाच दिवस पुळणीवर,
त्याच्या बापाशेजारी, उकिडवे.
कधी बिडी न ओढणारा माणूस
म्हाताऱ्याच्या बिडीवर बिडी पेटवत होता.
पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी हेच पाच दिवस
रिक्षाला कर्णा बांधून गावभर वाचले.
आम्ही म्हटलं, भाऊ, एकदा सांगून टाका कुठे होतात.
"मड्याची पावती फाडू काय?"

आणि पुस्तकांत नाही, ते असं.
मोठ्या जहाजांच्या परवान्यांचं विधेयक.
सहा महिने भाऊ त्याविरुद्ध बोलत हिंडले,
रापण ओढणाऱ्यांच्या मागं मागं, ओल्या धोतरानं.
मग पक्षाचा आदेश निघाला.
मतदान आवाजी झालं.
आवाजी मतदानात नावं नसतात.
'होय' म्हणणारे म्हणाले, 'नाही' म्हणणारे म्हणाले,
'होय' जास्त भरला.
त्यात एक आवाज आमच्या खोलीतला होता.

एस.टी.तून उतरले ते थेट वर. चपला पायातच.
"कागद चढव.
आडबंदर मच्छीमार सोसायटी, सप्रेम नमस्कार.
मी होय म्हटलं."
मग बराच वेळ काही नाही.
खाली काजू फुटत होते.
मी विचारलं, पुढे?
"पुढे काय नाय. सही करतंय."

पाठव म्हणाले नाहीत. फाड म्हणाले नाहीत.
वरची प्रत सदऱ्याच्या खिशात गेली,
खिशातून कुठे, ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं,
दिवसांच्या वेळी मी विचारून बघितलं.
खालची माझ्याकडे, एकोणीस वर्षं,
रेशनकार्डाच्या पिशवीत.
का ठेवली, मला विचारू नका.
माझाच नवरा त्या मोठ्या जहाजांच्या मागं
रिकामी जाळी घेऊन परत येत होता,
आणि मी रात्री त्याच्या ताटात भात वाढताना
गप्प होते.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या दालनाला त्यांचं नाव दिलं.
भाषणं झाली. अकरा प्रश्न सगळ्यांनी सांगितले,
एकानं तर बारा.
जेटी अजून नाही.

आता जावक नोंदवही काढली.
शेवटचा क्रमांक चार हजार एकशे बारा,
पोस्टमास्तरांना, तिकिटांच्या हिशेबाबद्दल.
खाली लिहिलं चार हजार एकशे तेरा.
तारीख आजचीच घातली, खोटं कशाला.
कोणास: सोसायटी, आडबंदर.
विषयाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
मतदान लिहिलं, खोडलं.
रकाना तसाच सोडला.
कोणाकडून, यात त्यांचं नाव.
हातानं लिहिताना 'ळ' चांगला आला.

कार्बन फायलीत लावला, अगदी वर नाही,
जेटीच्या बाराव्या उत्तराखाली.
टेम्पो नऊला येतो म्हणालेत.
चावी खाली काजूवाल्याकडे असेल.