मागे टेका

अंजनाच्या बुंध्याला तीन वेढे,
वेढ्यांखाली गोणपाट, साल सोलू नये म्हणून.
कड्याच्या ओठावर दुसरं गोणपाट,
दोर चिरू नये म्हणून.
रमजान तडवी दोन्ही थापटतो
बैलाची पाठ थापटावी तसा
आणि म्हणतो, झालं.
मी म्हणते, अजून नाही.

पालच्या अलीकडे, सातपुड्याच्या पोटात
हे उभं विवर.
गुलसिंग पावऱ्याच्या पाड्यावर त्याला नाव नाही,
नुसतं "ते".
त्याच्याकडे शेळ्या नेऊ नका, एवढंच सांगतात.
एकशे दहा फूट. मी दोनदा मोजलंय.
गुलसिंग पहाटेच खाली उतरून बसलाय.

आज सहा जण नवखे:
फैजपूरच्या फार्मसीतल्या तीन मुली,
केळीच्या वखारीतला एक हिशेबनीस,
त्याचा मेहुणा, कालपासून हसतोच आहे,
आणि भुसावळचे लीलाधर फेगडे,
इंजिन चालवून निवृत्त,
नव्या बुटांवर किंमत अजून चिकटलेली.

सकाळी सपाटीवर सगळं शिकवलं.
हा हार्नेस. हा उतरायचा आकडा.
हा ब्रेकचा हात, नाक खाजलं तरी सोडायचा नाही.
नाक खाजणारच.
कड्यावर मात्र एकच सांगायचं असतं
आणि तेच अंगाला पटत नाही:
मागे टेका.

मागे तर काहीच नाही, मॅडम.

म्हणूनच.
पाय भिंतीला काटकोनात,
ओट्यावर बसावं तसं हवेत बसा.
दगडाला मिठी मारली
की दगड पाय काढून घेतो.

मेहुण्याचं हसू पाचव्या फुटाला संपलं.
नजमा गेली तेव्हा दोर हललासुद्धा नाही,
माळ्यावरून उतरावी तशी गेली.
खालून तिचा आवाज आला, ओला:
दोर मोकळा!

फेगडे काका उभेच.
चाळीस वर्षं रूळ डोळ्यांसमोर;
मागे जायचं तर मागे गार्ड असायचा,
हिरवी बत्ती असायची.
ही गाठ कुणी मारली?
मी.
सोडा. माझ्यासमोर मारा.

त्यांना कड्यापासून दहा पावलं मागे आणलं.
आठचा आकडा, सैल.
शेपूट हार्नेसमधून,
मग आल्या वाटेनं परत,
पहिल्या दोराला खेटून, कुठेही न ओलांडता.
त्यांनी चष्मा काढला, गाठ नाकाशी आणली,
ओठांत काही पुटपुटले.
मग वरचा दोर धरून बसलेल्या रमजानला विचारलं,
जेवला का रे तू?
जेवलो काका. कळण्याची भाकर.
मग ठीक.

आणि मागे टेकले.

खाली माघाची थंडी पोचलेली नव्हती.
वटवाघळांचा उग्र वास,
आणि एक बेडूक,
आम्ही कशाला आलो ते त्याला कळेना.
कोपऱ्यापलीकडे, जिथं वरची चकतीही दिसत नाही,
मी म्हटलं, दिवे बंद.
आठ माणसं विझली.
कुणाचं तरी पोट गुरगुरलं.
माझं, हिशेबनीस म्हणाला.
उजेडात तो कबूल झाला नसता.

चढताना कुणी घाबरत नाही,
तेवढा दम उरत नाही.
बसा, पाय ओढा, उभे राहा, बसा.
हर्षदा चाळीस फुटांवर थांबली,
दोराला लोंबत हळूहळू फिरत राहिली.
काय झालं गं?
काही नाही. भिंत बघतेय.
काळा दगड, आणि त्यात पांढऱ्या गारांचे खळगे,
दिव्यानं एकेक उघडणारे.
इतक्या वेळा उतरले मी,
माझी नजर सदा दोरावर.

शेवटी मी. दोर ओढला, गुंडाळला,
ओला दोर दुप्पट जड असतो.
रमजान आधी झाडाची साल पाहून आला.
आता तो म्हणाला, झालं,
आणि मीही म्हटलं.

रात्री साडेदहाला मोबाइलवर फोटो.
झोपाळ्याची दोरी, तिची गाठ, शेजारी चष्मा.
बरोबर?
दुसऱ्या वळणावर दोर ओलांडला होता.
लिहिलं: नाही काका. सोडा.
आल्या वाटेनंच परत न्या.

पाऊण तासानं दुसरा फोटो.
मी दिवा लावला, चष्मा काढला
आणि दोरी कुठून कुठे जाते
ते काचेवर बोट फिरवत
तपासत बसले.