अडीचाला जरा कमी

मगदूम सरांनी फळ्यावर लिहिलं,
क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा,
आणि म्हणाले, अवयव पाडा.
आमच्या सुभाषनगरात
पाडायचे ते चपलांचे तळ.
रापी फिरते, आणि कातड्यातून
एक पाऊल सुटून बाहेर येतं.

रात्री भट्टीच्या दिव्यासारख्या पिवळ्या बल्बखाली
मी आण्णांच्या कतरणीतून जमवलं:
एक मोठा चौकोन, क्ष बाय क्ष,
तेवढ्याच लांबीच्या, बोटभर रुंद सात पट्ट्या,
बोटभर बोटभर बारा तुकडे.
आण्णा वेणी वळत होते.
"काय मांडलंईस गं?"
सगळं मिळून एकच आयत करायचा, आण्णा.
तुकडा उरायचा नाही, भोक पडायचं नाही.
"हे तर आमचं रोजचंच."

त्यांनी एक पट्टी उजवीकडं लावली, सहा खाली.
कोपऱ्यात सहाच मावले, सहा उरले.
दोन आणि पाच. दहा मावले, दोन उरले.
मग तीन इकडं, चार तिकडं,
आणि बाराच्या बारा तुकडे
कोपऱ्यात जाऊन गप बसले,
जेवायला पंगतीत बसावेत तसे.
सर ज्याला मधलं पद फोडणं म्हणत
ते आण्णांनी न फोडता केलं,
तंबाखू मळता मळता.

उत्तर मात्र त्यांना पटलं नाही.
क्ष बरोबर वजा तीन किंवा वजा चार.
"वजा तीन बोटं कातडं?
कुठल्या म्हशीचं गं ते?"
मी म्हटलं, गणितातल्या.
ते इतके हसले की आई
चुलीपुढून उठून बघायला आली.

मग मला खोड सुचली.
एक तुकडा मुठीत लपवला.
आता बसवा. अकरा.

तीन-चार लावले, तर एका तुकड्याचं भोक.
दोन-पाच लावले, तर एक तुकडा वर.
पुन्हा तीन-चार. पुन्हा दोन-पाच.
रंकाळ्याकडून येणारा वारा
पट्ट्या हलवत होता, ते दाबून धरत होते.
बऱ्याच वेळानं त्यांनी एक पट्टी उचलली,
तिच्यावरून नखानं उभी रेघ ओढली.
"अख्ख्या पट्ट्यांनी न्हाई हुयाचं.
ही उभी चिराय लागंल.
दोनापरास जादा,
अडीचाला जरा कमी."
रापी टेकवली, पण चिरली नाही.
कातडं चांगलं होतं, अंगठ्याला लागणार होतं.

सूत्र आठ दिवसांनी शिकवलं.
सात, वजा पाचाचं वर्गमूळ, भागिले दोन.
वर्गमूळ काढता काढता पेन्सिल मोडली.
दोन दशांश अडतीस,
आणि पुढं न संपणारं काहीतरी.

घरी येऊन सांगितलं.
आण्णा ऐरणीवर टाच ठोकत होते.
"मग मी काय म्हटलं हुतं?"
आणि हात पुढं केला,
"तो बारावा तुकडा दे बघू हिकडं.
नऊ नंबरच्या टाचंत घालतो."