दोन बोटं माया

भायखळ्याला, शाळेच्या वरच्या हॉलमध्ये
पंखे बंद ठेवलेत. कागद उडतात म्हणून.
आम्ही सात विद्यार्थी भिंतीला टेकून, घामेजलेले,
मांडीवर आपापली रचना, ताज्या झेरॉक्सच्या वासाची.
प्रत्येकाला पंचवीस मिनिटं.
मोजायला बेहरोझबाईंच्या मोबाइलचा गजर.

माझा नंबर पाचवा.

समोर चौघं. पोटासाठी वाजवणारी माणसं,
रिसेप्शनला, जाहिरातींना, कुणाच्याही सिनेमाला,
आणि महिन्यातून एखाद्या रविवारी स्वतःसाठी.
पहिलं व्हायोलिन मेहेरनोश, दुसरं पाध्ये,
व्हायोला ऑड्री फोन्सेका, चष्मा केसांत खोचलेला,
चेलोवर रिना, मूळचा ऐझॉलचा,
त्याने स्टँडला माझी पानं लावलीत
कपड्यांच्या चिमट्यांनी, एक निळा, एक गुलाबी.

आठ महिने हे मी लॅपटॉपवर ऐकत आले.
लॅपटॉप दमत नाही.
त्याला पान उलटायला हात लागत नाही,
त्याचा चेलो रात्री दोन वाजताही सुरात असतो
आणि काहीही लिहा, तो मान डोलावतो.

यांनी नाही डोलावली.
एक्केचाळिसाव्या बारला रिना थांबला.
म्हणाला, हे दोन्ही स्वर एकाच तारेवर आहेत.
तार माझ्याकडे एकच आहे.
रागावला नव्हता. दुकानात सुटे नसावेत, तसा म्हणाला.
भिंतीकडून हसू आलं. मीही हसले,
कान मात्र तापले.

मग ऑड्रीने चष्मा खाली घेतला.
पान लांब धरलं, जवळ धरलं.
किती खुणा केल्यास गं.
इथे हळू. इथे जरासं कमी हळू. इथे श्वास घ्या.
श्वास आम्ही घेतो, बाळा. तीस वर्षं घेतोय.
आम्ही बसायचं कुठे यात?

मला उत्तर आलं नाही.
मला काळाचौकीची आमची खोली आठवली,
खिडकीला लावलेलं मशीन, आईच्या दातांत दोरा,
आणि माझा पहिला ब्लाउज, तिच्या हातात उलटा केलेला.
बेतलास छान, म्हणाली, पण माया कुठाय?
बाई काय आज आहे तेवढीच राहते?
भरते, वाळते, बाळंत होते.
आत दोन बोटं माया सोडावी. बाहेरून दिसत नाही.
तिला उसवून घेता आलं पाहिजे.

सगळे बार म्हणतात त्याला. मी मनात माप म्हणते.

नऊ मिनिटं उरली होती.
ऑड्रीकडून खोडरबर मागून घेतलं,
चौघांच्या चार पानांवरून वाकून खोडत गेले.
रबराचा चुरा पाध्यांच्या पँटवर पडला, त्यांनी तो झटकला नाही.
शेवटी चेलोला एक लांब स्वर राहिला.
त्याच्यावर काहीच लिहिलं नाही.

पुन्हा वाजलं.
रिनाने तो स्वर धरला
आणि सोडेना.
ऑड्रीने वाट पाहिली, मग पाहिली नाही,
खालून कुठूनतरी आत शिरली,
मेहेरनोशने गज तारेवर नुसता टेकवून ठेवला.
हे मी लिहिलं होतं का?
हो. नाही. कागद माझा होता.

गजर वाजला तेव्हा अजून बारा बार बाकी होते.
पुढचा नंबर फरहानचा,
त्याची मिनिटं जळायला लागली होती.
मी त्याच्याकडे पाहिलं.
त्याने हात उचलला, चालू दे,
आणि बेहरोझबाईंनी मोबाइल
पर्समध्ये, रुमालाखाली ढकलला.

घरी आले तर आई कुणाच्या तरी बाह्या जोडत होती.
मान वर न करता म्हणाली, बसलं का?
म्हटलं, घट्ट होत होतं.
हं, म्हणाली, आणि पायडल मारलं.

कार्यक्रम डिसेंबरात आहे.
एक्केचाळीसवर अजून घोडं अडलंय.
पिशवीतून पानं काढली तेव्हा कळलं,
गुलाबी चिमटा माझ्याकडेच राहिलाय.