पाठ फिरवून

पहिल्या दिवशी डेल्फिनाने तीनच गोष्टी सांगितल्या:
आत शिरलीस की आधी कडी लाव,
बादली हातातून टाकू नकोस, ठेव,
आणि त्याच्याकडे पाठ करून बस.
आणखी काही? मी विचारलं.
जीव लावू नकोस, म्हणाली,
पण ते तुला जमणार नाही, म्हणून मोजलं नव्हतं.

न्यू मेक्सिकोचं पठार, सात हजार फुटांवर.
खुरटे ज्युनिपर, लाल माती,
खाली दरीतून मालगाडी जाते
आणि डबे मोजता मोजता कॉफी निवते.
बावीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
मागे चाळीस पोरं, जे काय बघायचं ते आरशातून.
पाठ करून सांभाळणं
मला अगदीच नवं नव्हतं.

त्याचं नाव बिस्किट.
लांडग्याच्या पिल्लाला बिस्किट म्हणणाऱ्या माणसाचा
मी पुष्कळ दिवस राग राग केला.
टल्सातलं एक गॅरेज, वॉशिंग मशीनची शेजारची जागा,
चौदा महिने.
साखळी लहानपणीची, मान मोठेपणाची.
डॉक्टरांनी ती कातडीतून कापून काढली,
तिथे अजून केस येत नाहीत.

कागदावर लिहिलंय: पाऊण लांडगा, पाव हस्की.
कुठला पाव, ते कागदाला काय माहीत.
चालताना तो चालत नाही, सरकतो,
सावली सरकावी तसा, ज्युनिपरपासून ज्युनिपरपर्यंत.
कुत्रा असता तर एव्हाना माफ करून मोकळा झाला असता.

सकाळी सहाला मांस.
ग्रँट्सच्या सुपरमार्केटचं, तारीख उलटलेलं,
मी प्लास्टिक फाडते, सवलतीची पिवळी चिठ्ठी खरवडते,
जानेवारीत बोटं गोठलेल्या कोंबडीला चिकटतात.
गोळी यकृताच्या तुकड्यात दडवते.
तो यकृत खातो, गोळी ठेवतो,
धुऊन पुसून ठेवावी तशी.

मग मी बसते, उलटी, कुंपणाकडे तोंड करून,
आणि मोठ्याने वाचते. आवाजाची सवय व्हावी म्हणून.
विजेचं बिल. पंपाचं माहितीपत्रक.
एकदा माझ्या घटस्फोटाचे कागद, अख्खे, सहीसकट.
त्या दिवशी मागे माती करकरली,
दोन पावलं, कदाचित तीन.
बघितलं नाही.

एप्रिलात त्याची लोकर झडायला लागली.
करडी पाखरं येऊन चोची भरभरून नेत होती घरट्यांना,
एक तर थेट त्याच्या पाठीवर उतरलं
आणि उपटत बसलं.
मला वर्ष होत आलं होतं. मी अजून बोट लावलं नव्हतं.

जूनमध्ये तो माणूस आला.
माणूस कसला, तेविशीतलं पोरगं, डॅरेल,
अकरा तास गाडी हाकत,
हातांवर डांबराचे चटके, खिशात टेनिसचा चेंडू.
मी काय काय बोलणार होते, सगळं पाठ होतं.
तो म्हणाला, आईने घर सोडलं, मग गॅरेजच उरलं होतं.
मी पण तिथेच झोपायचो,
मशीनच्या पलीकडच्या बाजूला.

बिस्किट, त्याने हाक मारली. अगदी हळू.

कान उभे राहिले.
तो सावलीतून निघाला, सरळ जाळीपाशी आला,
बोटं हुंगली, डांबर हुंगलं,
आणि वळून, त्याच्याकडे पाठ करून बसला.

पोरगं ढसाढसा रडलं.
त्याने पाठ फिरवली माझ्याकडे, म्हणत राहिलं.
मी डेल्फिनाकडे बघितलं, ती नळीचा गुंता सोडवत होती.
शेवटी म्हटलं, तू पण बस.
असा नाही. उलटा.

मी बादल्या धुवायला गेले.
परत आले तर दोघांच्या मध्ये जाळी,
जाळीच्या भोकांतून बाहेर आलेली थोडी लोकर
त्याच्या शर्टाला चिकटलेली.
मालगाडी जात होती. मोजली नाही.

चेंडू आत पडून आहे, कोणी खेळत नाही.
आज सकाळीही गोळी मातीवर होती,
स्वच्छ.