बुधवारपावतो

पंचफुला,
या बुधवारी बाजाराले मी येत नाई.
कायले, थे मांगून सांगतो.
पिशवी देवचंद कंडक्टरच्या हाती धाडली हाय
दारव्ह्याच्या साडेनऊच्या गाडीनं.
आत काय हाय थे आंधीच वाच,
नाईतर तू तठीच उलगडशीन आन् अशी हासशीन
का शेजारची सांभारवाली बी
टोपलं सोडून पाहाले येईन.

उशीचे अभ्रे दोन झाले.
तिसऱ्यावर गुलाब घेतला,
पंचायतीतल्या शिबिरात दाखवला तसाच,
पाकयी बाहेरून आत, बाहेरून आत.
गुलाबाची पत्ताकोबी झाली, व बाई.
देठ दिला, काटे दिले,
तरी पत्ताकोबीच.
भासा म्हनते, मावशे,
काट्याची भाजी कोन्त्या देशातली?

आता मोर.

मांगच्या बुधवारी तुले पायापावतो दाखवला होता.
पिसारा बाकी होता.
शनिवारी अडीचले लाइन आली.
चुलीवरची दाय तशीच सोडली,
दरवाजा ओढला, मोटर लावली,
रिंग दोन्ही हातानं धरून हयूहयू फिरवत गेली.
मशीन कशी गानं म्हनल्यावानी चालत होती.
एक डोया, दोन डोये, पिसावर पीस.
दाय लागल्याचा वास आला, तरी उठली नाई.

चारले लाइन गेली.
कपडा उचलला, धाग्याचं टोक ओढलं,
त सारा मोरपंखी धागा
सरसर सरसर
हाती आला.
खालची बॉबिन कवाचीच सरली होती.
दीड घंटा मी
नुसते भोकं पाडत बसली होती.

रडली नाई. म्हंजे, लय नाई.
फेकाले म्हनून दारात आली,
उन्हात एकडाव धरून पाह्यलं,
आन् खोटं नाई सांगत,
मोर होता.
अख्खा.
एकोनतीस डोये मोजले,
सारे उजेडाचे.

तुह्या गोधडीतला मधातला चौक
तू याच्यासाठीच रिकामा ठेवला, हे मले याद हाय.
चारी बाजूनं तुहे टाके पोचले:
होमगार्डचा खाकी, प्रांजूचा शाळेचा निया फ्रॉक,
तुह्या लग्नातल्या पातळाचा काठ, जो तू
फाडू का नको करत तीन बाजार हिंडवला.
पोरगी पंधरा दिवसानं होस्टेलले जाईन
आन् माह्या पायी मधातच खड्डा.

म्हनून काल लाइन आल्याबरोबर
मी हट्टानं बसली.
त्याच भोकातून सुई नेतो म्हनलं.
पन मशीन दुसऱ्याखेपी
त्याच भोकात जात नाई, पंचफुला.
तिले तेवढी याद नसते.
बाजूले टोचते, नवीन वाट करते,
मोराचं जाळं व्हाले लागलं.
मी वाकून वाकून पाहात होती
आन् बोट कुठी हाय तेच इसरली.

नखातून आरपार.
डॉक्टरनं सुई दिली. सुईवर सुई.
आता हाताले भोपया बांधल्यावानी पट्टी हाय,
म्हनून बाजाराले येत नाई.

तू मांगं म्हनली होती,
मशीनच्या टाक्याले हात नसते.
मले तवा राग आला होता.
आता बी हाय.
पन मोर तुह्याकडंच धाडतो.
हाताची सुई त्या भोकातून जाते, मी घालून पाह्यली,
डाव्या हातानं, तीन टाके.
वाकडे हायेत. उसवजो पाह्यजे त.

चोचीपाशी जो लाल ठिपका दिसते
थो धागा नोहे.
धुवून पाह्यला, जात नाई.
त्याच्यावर डाळिंबाचा दाना काढ,
नाईतर राहू दे.

धागा आतच हाय, गुंडाळून.
कुठपावतो आलं थे पुढच्या बुधवारी दाखव.
आन् पिशवी वापस धाडजो,
पिशवी सासूची हाय.