पोरे, पुरे

तुर्भ्याच्या एमआयडीसीत माझा गाळा आहे,
दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करतो.
बेअरिंग, कॉम्प्रेसर, थुंकायच्या वाटीचा नळ.
कोपऱ्यात एक यंत्र उभं आहे, ते कुणी मागत नाही:
बिडाचं चाक, चामड्याची वादी, खाली पायटा.
गिऱ्हाइकं विचारतात, शिलाईचं का हो?
मी म्हणतो, जवळपास.

ठाण्यात, टेंभी नाक्याच्या मागच्या अंगाला
आजोबा, सखाराम पोरे, दुसऱ्याच्या दुकानात मशीन मारायचे.
लेंगे, कोपऱ्या, मुंजीतल्या पोरांचे सदरे.
एका दुपारी बाई दारात. कापड नाही, माप नाही.
बराच वेळ त्यांच्या पायाकडे बघत उभ्या.
मग म्हणाल्या,
"हात माझे आहेत. मला पाय हवाय."

डॉक्टर रिव्हका वाक्रूळकर.
कॉलेजात चाळीस पुरुषांत एकट्या शिकलेल्या.
वीज रस्त्याच्या टोकापर्यंत आली होती, दवाखान्यापर्यंत नाही.
लोक ऐकवत, दात कोरून पोट भरत नाही.
बाई म्हणत, भरतं, नीट कोरावा लागतो.

जांभळी नाक्यावर तेव्हा बाजाराच्या दिवशी
एक जण फडकं पसरून बसे, वर उपटलेल्या दाढांचा ढीग.
जेवढा ढीग मोठा तेवढा माणूस कसबी.
आणि कळव्याहून एक म्हातारी यायची,
रिंगणीच्या बियांचा धूर नळीनं दाढेत सोडायची,
मग वाटीतल्या पाण्यात किडा दाखवायची.
आजोबांनी स्वतःचा किडा पाहिला होता. पांढरा, वळवळता.
चार आणे मोजले होते त्याचे.
बाईंनी एक काढलेली दाढ सांडशीत धरून फोडली,
त्यांच्या तळहातावर ठेवली: "शोधा."
आजोबा खिडकीशी उजेडात बसून
दिवेलागणीपर्यंत शोधत होते.

शिलाईत पाय चुकला तर टाका चुकतो, उसवता येतो.
इथे पाय आपला चुकतो
आणि ओरडतो दुसराच.
म्हणून आजोबा पेशंटच्या तोंडाकडे नाही,
पायांकडे बघायला शिकले.
अंगठा आखडला की हळू.
टाच उचलली की थांब.
दोन्ही पावलं बाहेर पडली, सैल, म्हणजे मार आता, सलग.
तोंड उघडं ठेवलेला माणूस
पायांनी बोलतो, असं ते सांगायचे.

बाई फक्त दोनदा बोलत.
सुरुवातीला, "पोरे, चला."
शेवटी, "पोरे, पुरे."
मधे लवंगतेलाचा वास
आणि खलात घोटल्या जाणाऱ्या चांदी-पाऱ्याची किरकिर.
शनिवारी दवाखाना बंद, बाईंचा शब्बाथ.
आजोबा जुन्या दुकानात जाऊन फुकट लेंगे शिवून देत,
पाय बिघडू नये म्हणून.

मग वीज आत आली, मोटर आली.
मोटरला कुणाची टाच दिसत नव्हती;
बाई मधूनमधून स्वतःच वाकून
खुर्चीच्या खाली बघू लागल्या.
यंत्र आजोबांना देऊन टाकलं.

त्यांच्या नावाचा चौक नाही ठाण्यात.
बाईंची हिशेबाची वही माझ्याकडे आहे, त्यात आजोबांचंही नाव नाही.
महिन्याच्या एक तारखेला, कापूस आणि स्पिरिटच्या खाली,
सुबक अक्षरात:
पाय, पंधरा रुपये.

शेवटच्या आठवड्यात, सिव्हिल हॉस्पिटलात,
तोंडात एक दात नव्हता, शुद्ध नव्हती,
पण चादरीखाली उजवा पाय चालू.
नर्स म्हणाली, झटका आहे, डॉक्टरांना बोलावते.
मी म्हटलं, थांबा जरा.
कानाशी वाकून, आवाज जमेल तेवढा बारीक करून म्हणालो,
पोरे, पुरे.

पाय थांबला. ऐकत असल्यासारखा.
मग पुन्हा सुरू झाला.
बाईंचा आवाज त्याला चांगला ठाऊक होता.