शेऱ्याचा रकाना

जळगावच्या ऑफिसनं खोक्यासोबत फॉर्म दिला, चार पानी.
"नवी आवृत्ती आहे, झोपे मॅडम. आठवडाभर उन्हात वापरा,
मग पाचपैकी गुण द्या."
जुना मीच वापरला सहा वर्षं.
त्याचं 'स'चं बटण चुंचाळ्याच्या धुळीत बसलं ते बसलंच,
माझ्या नोंदींत साकळीची आकळी झाली
आणि ती तशीच मंत्रालयापर्यंत गेली.

वजन दोन किलो तीनशे. वर मूठ, नवी.
गुलशेर तडवीनं ती धरून उचलून पाहिलं,
"डब्यावानी हाय. भाकरी किती मावतीन?"

मे महिना. परसाड्याच्या वाटेवर शेचाळीस.
केळीच्या बागांभोवती शेवरीची दाट भिंत,
तरी आत पानं उभी फाटलेली,
आणि सातपुडा, कोणी पुसता पुसता मध्येच सोडून दिलेला.
पडदा उन्हात दिसतो का?
आधीच्यात माझंच तोंड दिसायचं,
रुमालात गुंडाळलेलं, वैतागलेलं.
ह्यात आकडे दिसतात. पाच.

पडणे : चार फुटांवरून, प्लायवूडवर, असं छापलंय.
आमच्याकडं प्लायवूड नव्हतं.
कॅरिअरवरून सुटला तो नाल्यातल्या गोट्यांवर,
तीन कोलांट्या.
उघडला तर चालू, वर विचारतो,
अपडेट आता करू की रात्री?
गुलशेर हसून हसून खाली बसला.
माझ्या थर्मासची काच फुटली होती,
तिच्यासाठी फॉर्म नव्हता.

उष्णता : एक वाजून दहा मिनिटांनी
'तापमान जास्त आहे' म्हणाला आणि मिटला.
आम्हीही निंबाखाली जाऊन आडवे झालो.
ह्याचे गुण कापावेत का, कळेना.
शहाण्यानं दुसरं काय करावं?
तरी तीनच दिले. ऑफिसला पाच खरे वाटले नसते.

शेवटची विहीर गुलशेरच्या गावची,
वापरातून गेलेली, कठड्यात बोरीचं झुडूप.
ऐंशी फुटांवर टेप कशाला तरी अडकली.
दिवस बुडत होता.
"कॅमेरा हाय ना येले? उतरवू मंग."
फॉर्मात असलं काही नव्हतं.
मुठीला दोर बांधला, पडदा पांढरा केला,
उजेड पूर्ण.

तो खाली गेला, दोराचा पीळ सुटेल तसा फिरत.
काळी माती, पिवळी माती, मग बांधकाम,
पारव्यांची जोडी आमच्या तोंडावर फडफडत वर आली,
आणि मग फक्त एक पांढरं टिकलीएवढं काहीतरी,
त्यालाही गुलशेर दोन हातांनी धरून होता.

पाणी नव्हतं.
चित्रफितीत भिंत, गोल गोल, तीच ती.
बावन्नाव्या फुटाला, बांधताना ओल्या असलेल्या चुन्यात,
एक पंजा.
करंगळी अर्धी.

"थांबव," गुलशेर म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "सुरुंगात गेलती. मी पाळन्यात होतो तवा."
मग, बॅटरी साठवरून एकोणसाठावर आली तेव्हा,
"बाचा फोटो नाही ना घरात एकबी."

त्यानं हात पडद्यावर ठेवला, पंजावर पंजा.
पडद्याला वाटलं, मोठं करायचंय.
पंजा मोठा होत गेला, हाताच्या रेषा आल्या,
त्याही रुंदावल्या,
मग नुसता चुना.
त्यानं हात काढला.
मी काही न बोलता पुन्हा लहान करून दिलं.

पान तीन, कलम अकरा :
ओल्या हाताचा स्पर्श ओळखतो का?
ओळखतो.

शेऱ्याला दोन ओळींची जागा होती.
मी लिहिलं, मूठ पक्की आहे, दोर धरते.
थर्मासचं बिल मागच्या बाजूला टाचलं.
यंत्र परत करताना सगळ्या फायली खोडाव्यात,
अशी चौथ्या पानावर तळाला बारीक अक्षरात सूचना आहे म्हणतात.
तिथवर अजून माझं वाचून झालेलं नाही.